हमीपत्रातील 'आपण'

'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' या दोन शब्दांतील भेद विचारला, तर बिलोलीच्या बाजारपेठेतील कोणताही दुकानदार चटकन सांगेल : गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. लोकांनी हे शब्द इंग्रजीतून घेतले आणि त्यांच्यात आपल्या सोयीची अर्थवाटणी करून टाकली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मात्र ही सख्खी भावंडे आहेत. जर्मानिक कुळातील एक शब्द फ्रान्समध्ये गेला. उत्तरेकडील नॉर्मन बोलीत त्याचा आरंभीचा 'व' टिकून राहिला, तर मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा 'ग' झाला. इंग्रजीने पुढे दोन्ही रूपे उचलली. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' ही जोडीही याच मार्गाने आली. रक्षण करणे, पाठीशी उभे राहणे हा या साऱ्यांचा मूळ भाव.

कायद्याने मात्र या दोन भावंडांना वेगवेगळ्या घरी दत्तक दिले आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मधील 'गॅरंटी' म्हणजे दुसऱ्याने शब्द न पाळल्यास त्याचे देणे मी देईन, असे तिसऱ्या व्यक्तीने दिलेले वचन. आपल्या भाषेत जामीनकी. 'जामीन' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. तो आज न्यायालयातून होणाऱ्या सुटकेपुरता उरला असला, तरी 'मी त्याला जामीन राहिलो' या जुन्या वाक्यात जामीन म्हणजे एक हाडामांसाचा माणूस असतो. 'वॉरंटी' आढळते ती मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये. त्यातील कलम १२ प्रमाणे विक्रीच्या मुख्य हेतूशी निगडित असलेली ती 'अट', आणि त्या हेतूला आनुषंगिक असलेली ती 'हमी'. अट मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. केवळ हमी मोडली तर त्याला नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. बाजारातील अर्थवाटणी आणि कायद्यातील अर्थवाटणी यांचा सांधा जुळत नाही, आणि ग्राहकांच्या पुष्कळ भांडणांना या फटीतूनच तोंड फुटते.

यात आता तिसऱ्या शब्दाची भर पडली आहे : 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. मराठीत तिला 'विस्तारित हमी' किंवा 'वाढीव हमी' म्हणतात. 'विस्तारित' हे विशेषण फसवे आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एखादी वस्तू विस्तारते तेव्हा ती मूळचीच असते, फक्त मोठी होते. रस्ता रुंद केला तरी तो तोच रस्ता असतो. वाढीव हमीचे बहुधा तसे नसते. पहिल्या वर्षाची हमी वस्तू बनविणारी कंपनी देते आणि तिचा मोबदला वस्तूच्या किमतीतच आलेला असतो. पुढच्या वर्षांची हमी हा स्वतंत्रपणे विकत घेतलेला दुसरा करार असतो. तो कधी उत्पादकाशी असतो, कधी विक्रेत्याशी, तर कधी जिचे नाव ग्राहकाने ऐकलेलेही नसते अशा तिसऱ्याच कंपनीशी. त्याच्या अटी वेगळ्या, तक्रारीचा क्रमांक वेगळा, वगळलेल्या गोष्टींची यादी वेगळी. म्हणजे करार बदललेला असतो, करार करणाराही बदललेला असतो, आणि शब्द मात्र सांगतो की जुनेच काही लांबले आहे.

कालगणनेतही अशीच मेख असते. 'तीन वर्षांची हमी' असे विक्रेता म्हणतो, तेव्हा त्यात उत्पादकाचे पहिले वर्ष धरलेले असते. ग्राहक मात्र एक अधिक तीन असे चार मोजतो. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षे' या जाहिरातीतील 'वर' हे शब्दयोगी अव्यय फार मोलाचे आहे. हमी त्या एका भागावर असते. तो बसविण्याची मजुरी, नव्याने भरावा लागणारा वायू, तंत्रज्ञाची फेरी यांचा खर्च पुष्कळदा त्या 'वर'च्या बाहेर राहतो. बोलताना 'कॉम्प्रेसरवर' गळून जाते आणि 'दहा वर्षे' तेवढी स्मरणात उरतात.

हे सारे मी एका शीतकपाटाच्या निमित्ताने बारकाईने वाचले. आमच्या गल्लीत एक बाई राहतात. साऱ्या गल्लीच्या त्या मावशी. पतीच्या निधनानंतर त्यांनी शिलाईकामावर घर चालविले. एकुलती मुलगी मुक्त विद्यापीठातून, तुमच्यासारखीच, मराठी विषय घेऊन बी.ए. करीत होती. १५ ऑक्टोबर २०२१ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, त्यांनी नांदेडच्या एका मोठ्या दुकानातून २३,५०० रुपयांचा फ्रिज घेतला आणि वर १,९९९ रुपये भरून दोन वर्षांची वाढीव हमी घेतली. उन्हाळ्यात फ्रिजच्या वरच्या कप्प्यात त्या प्लास्टिकच्या नळीतील रंगीत बर्फाच्या कांड्या करीत. पोरे ज्याला पेप्सीकोला म्हणतात, तेच ते. उंबऱ्यातून एकेक, दोन-दोन रुपयांना विकत. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराईतील ब्लाउज आणि या कांड्या यांवर त्यांची वर्षाची वह्या-पुस्तके, फी, दवाखाना निघे. मे २०२४ मध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, फ्रिज बंद पडला. "सर, थंडच करंना झालंय, नुसतं गुरगुर करतंय," असे सांगत त्या माझ्याकडे आल्या. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद होते.

कागद इंग्रजीत होते. बिलोलीसारख्या गावाला न वाचता येणाऱ्या भाषेतील कागद जपून ठेवण्याची जुनी सवय आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. शेतसाऱ्याचे, वतनाचे, कोर्टाचे उर्दू कागद ट्रंकेत ठेवायचे आणि वेळ आली की वाचणाऱ्याकडे न्यायचे, ही रीत माझ्या आजोबांच्या पिढीने पाळली. आता ट्रंकेच्या जागी पिशवी आली आहे.

पण मावशींनी खरेदी केली होती ती कागद वाचून नव्हे, बोलणे ऐकून. दुकानातील मुलगा काय म्हणाला, हे त्यांना शब्दशः आठवत होते : "मावशी, तीन वर्षं बघायचं कामच नाही. काही झालं तर आपण आहोत की!" बंद पडल्यावर त्यांच्या मुलीने दुकानाला मोबाइलवरून संदेश पाठविला, तेव्हा उत्तर आले : "आपण अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा."

विद्यार्थी मित्रहो, या दोन वाक्यांतील 'आपण'कडे पाहा. मराठीत 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हणताना तो सामावून घेतला जातो. हा भेद संस्कृतात नाही, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. द्राविड भाषांत मात्र तो जुना आहे. बिलोलीहून थोडे पूर्वेला गेले की तेलंगणाची हद्द लागते. तिकडचा तेलुगू बोलणारा माणूस 'मेमु' आणि 'मनमु' यांत नेमका हाच भेद करतो. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली, ती अशाच सामाईक लकबींच्या आधारावर. पण मराठीचे 'आपण' याहूनही गुंतागुंतीचे आहे. ते 'तुम्ही'चे आदरार्थी रूप आहे. ते 'स्वतः' या अर्थी येते. आणि बढाईच्या सुरात ते 'मी'सुद्धा होते : "आपण नाही घाबरत कुणाला." विक्रीच्या क्षणी त्या मुलाचे 'आपण' सर्वांना कवेत घेणारे होते : दुकान, कंपनी, तो स्वतः आणि मावशी, सारे एका बाजूला. तक्रारीच्या उत्तरात तोच शब्द आदराने वाकून मावशींना एकटे उभे करतो. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत.

सेवा केंद्राने सांगितले, उत्पादकाची एक वर्षाची हमी संपली. कॉम्प्रेसर आम्ही देऊ, पण बाकी खर्च वाढीव हमीवाल्यांकडून घ्या. वाढीव हमी देणाऱ्या कंपनीने तंत्रज्ञ पाठविला. त्याने वरच्या कप्प्यात कांड्यांच्या रिकाम्या नळ्या पाहिल्या आणि अहवालात दोन शब्द लिहिले : कमर्शियल यूज. चार दिवसांनी पत्र आले. उपकरणाचा वापर घरगुती नसल्याने दावा नाकारण्यात येत आहे.

'घरगुती' या शब्दाजवळ मला थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजी करारातील 'डोमेस्टिक'चा हा शब्दकोशातील प्रतिशब्द. तिकडे घर एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, अशी विभागणी गृहीत आहे. मराठीत हा शब्द वापरला कसा जातो? आपल्या गावातील पाट्या वाचा : 'घरगुती खानावळ', 'घरगुती शिकवणी', 'घरगुती लोणची, पापड, मसाले मिळतील', 'घरगुती डबे पोहोचवले जातील'. या प्रत्येक पाटीवर काहीतरी विकायला ठेवलेले आहे. मराठी बाजारात 'घरगुती' हे विशेषण जेवढे विक्रीच्या वस्तूला लागते तेवढे क्वचितच न विकल्या जाणाऱ्या वस्तूला लागत असेल. स्वतःच्या घरात स्वतःसाठी केलेल्या पोळीला आपण घरगुती पोळी म्हणत नाही. अर्थविचाराच्या घटकात शब्दाचा अर्थ त्याच्या वापरावरून ठरतो, असे तुम्ही शिकला असाल. मग मावशींचा वापर घरगुती नव्हता, असे कोणत्या भाषेत म्हणायचे?

हा केवळ भाषाभ्यासकाचा हट्ट नव्हे. शासनव्यवहारालाही हे घर ठाऊक आहे. घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्या आणि महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या ग्राहकाला घरगुती वर्गवारीतच ठेवण्याची तरतूद राज्याच्या वीजदरपत्रकात आहे. मावशींचे वीजबिल घरगुती दरानेच येत होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणाऱ्याला वगळते. पण स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच वस्तू वापरणारा त्या 'व्यापारी प्रयोजना'त मोडत नाही, असे स्पष्टीकरण तिला जोडलेले आहे. कायद्याची व्याख्या करारातील अट आपोआप पुसून टाकीत नाही, हे खरे. पण अटीचा अर्थ लावताना ती दुर्लक्षिताही येत नाही.

आता त्या पत्रातील क्रियापदाकडे वळू. 'नाकारण्यात येत आहे.' कोणाकडून? 'ण्यात येणे' ही शासकीय मराठीची आवडती रचना. 'कळविण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला आहे', 'कारवाई करण्यात येईल'. तिच्यात क्रिया घडते, पण करणारा दिसत नाही. दुकानांच्या पावतीवरील प्रसिद्ध वाक्यही याच जातीचे : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' हा नवीन कर्मणी प्रयोग. काही वैयाकरण त्याला कर्मकर्तरी म्हणतात. 'कडून' लावून कर्ता सांगण्याची सोय या प्रयोगात आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि पावती छापणारा ती सोडून देतो. वाक्य जणू निसर्गनियम सांगत असल्यासारखे उभे राहते : सूर्य पूर्वेला उगवतो, माल परत घेतला जात नाही. वास्तविक २०१९ च्या अधिनियमात, सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावतीवरील वाक्य तरीही छापले जातच आहे. पावती न देणे हीसुद्धा तशीच प्रथा होय. तेवढे तरी या दुकानाने केले नव्हते.

मावशींच्या मुलीने आणि मी अर्ज लिहावयास घेतला तेव्हा तिचा पहिला मसुदा असा सुरू झाला : 'विनंती करण्यात येते की, सदर उपकरणाची दुरुस्ती करून देण्यात यावी.' ती हसली, कारण तिचे तिलाच दिसले होते. दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिले : 'आपल्या दुकानाने १५ ऑक्टोबर २०२१ रोजी माझ्या आईकडून १,९९९ रुपये घेतले. त्या बदल्यात १४ ऑक्टोबर २०२४ पर्यंत हा फ्रिज दुरुस्त करून देण्याचे वचन आपल्या विक्रेत्याने दिले.' व्याकरणात हाही कर्मणी प्रयोगच आहे. पण येथे कर्ता 'ने' लावून समोर उभा राहतो, त्याला पळवाट नाही. पुढे तिने तारखा घातल्या : फ्रिज कधी बंद पडला, कोणाशी कधी बोलणे झाले, कोणता तक्रार क्रमांक मिळाला, तंत्रज्ञ कधी आला. विशेषणे जवळजवळ सारी काढून टाकली. 'अत्यंत निष्काळजी' हे एक तिला ठेवायचे होते; मी आग्रह धरला नाही, तिनेच सकाळी खोडले.

वीजबिलाची प्रत, खरेदीची पावती आणि तंत्रज्ञाच्या अहवालाचे छायाचित्र जोडून तो अर्ज दुकान, उत्पादक आणि हमी देणारी कंपनी अशा तिघांनाही नोंदणीकृत डाकेने पाठविला. तिघांना, कारण एकाला लिहिले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्जाच्या अखेरीस एकच वाक्य होते : पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास आम्ही नांदेडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. ही पोकळ धमकी नव्हती. पूर्वी विरुद्ध पक्ष जेथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा वादाचे कारण जेथे घडले, तेथे तक्रार करावी लागे. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहक जेथे राहतो वा पोटासाठी काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. बिलोलीचा माणूस निजामाबादला वा हैदराबादला जाऊन टीव्ही घेऊन येतो, त्याच्यासाठी ही तरतूद किती मोठी आहे, हे सीमेवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तिचीही नोंद अर्जात होती.

या अधिकारांच्या मागे महाराष्ट्रातील माणसांचे कष्ट आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडावे लागले. 'पंचायत' हा शब्द निवडण्यामागील दृष्टी मला नेहमी लक्षणीय वाटते : ज्यात 'आपण'चा सर्वसमावेशक अर्थ अजून जिवंत आहे, असा तो शब्द.

वगळलेल्या गोष्टींच्या यादीविषयी एक निवाडा तुम्ही माहीत करून घ्यावा. टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या प्रकरणात एका दुकानाचा आगीचा विमा उतरविला होता. दुकान तळघरात होते, ते विमा कंपनीला ठाऊक होते. आणि करारात तळघर वगळलेले होते. आग लागल्यावर कंपनीने त्या कलमाकडे बोट दाखविले. ९ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कराराचा मुख्य हेतूच नष्ट करणारे असे वगळणूक-कलम मान्य केले नाही, आणि ग्राहकाला अटी समजावून सांगण्याचे विमा कंपनीचे कर्तव्य अधोरेखित केले. तो विम्याचा वाद होता. पण पैसे आधी घेऊन भविष्यातील बिघाडाचा भार उचलणारी वाढीव हमी ही विम्याच्या किती जवळची आहे, ते तुमच्या ध्यानात आलेच असेल.

बाराव्या दिवशी तंत्रज्ञ आला. कॉम्प्रेसर उत्पादकाने दिला, वायू आणि मजुरी वाढीव हमीतून भागली. मावशींना एक रुपयाही द्यावा लागला नाही. फ्रिज थंड होऊ लागला तेव्हा मृगाच्या सरी येऊन गेल्या होत्या आणि शाळा उघडायला आल्या होत्या. बर्फाच्या कांड्यांचा हंगाम संपला होता.

दोन दिवसांनी दुकानातून त्याच मुलाचा फोन आला : "मावशी, झालं ना आपलं काम?" मावशी म्हणाल्या, "माझं झालं. तुझं कोणतं होतं?"

बुडालेल्या हंगामाची भरपाई मागावी की नाही, यावर मायलेकींत एकमत झाले नाही. मुलीचे म्हणणे, सेवेतील त्रुटीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला आहे, मग मागायची का नाही? मावशी म्हणतात, नांदेडच्या चकरांत चार ब्लाउज राहतात, आणि कांड्यांचा हिशेब मी लिहून कुठे ठेवला होता? हा दुसरा आक्षेप खरोखर अवघड आहे. उंबऱ्यातील विक्रीला पावती नसते. मुलीने त्यानंतर शाळकरी वहीत रोजचा हिशेब लिहायला सुरुवात केली, आणि आयोगाकडे करावयाच्या अर्जाचा मसुदाही तिने त्याच वहीच्या मागच्या पानांवर तयार ठेवला आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ही पुस्तिका छपाईला जात आहे तेव्हा ती अद्याप संपलेली नाही.